बोअर कुणाच्या खात्यावर?

बॉस्टनच्या पश्चिमेला पसरलेल्या उपनगरांत एखाद्या घराच्या मागच्या अंगणात सकाळी बोअरची गाडी लागते, तेव्हा मराठवाड्यातल्या कुठल्याही माणसाला ते काम पाहताक्षणी ओळखू यावं. तोच कॉम्प्रेसरचा छाती हादरवणारा आवाज, तसेच एकामागून एक जोडले जाणारे लोखंडी रॉड, आणि हवेच्या जोरानं खालून वर फेकली जाणारी खडकाची राखाडी भुकटी. हत्यारही तेच: रॉडच्या टोकाला बसवलेला, दाबाखालच्या हवेवर ठोके देत खडक फोडत जाणारा हातोडा. आपल्याकडचे बोअरवाले त्याला ‘डीटीएच’ म्हणतात, तिकडचेही तेच म्हणतात. पण त्या अंगणात पाण्याची वाट कुणी पाहत नसतं. उलट पाणी लागलं की डोकेदुखी वाढते, कारण ते गढूळ पाणी शेजाऱ्याच्या आवारात किंवा रस्त्याकडेच्या गटारात सोडून चालत नाही, ते पेटीत साठवून गाळ खाली बसू द्यावा लागतो. चारशे-पाचशे फूट खाली गेल्यावर त्या भोकात मोटर सोडत नाहीत. सोडतात ती काळ्या प्लॅस्टिकच्या नळीची लांबच लांब जोडी, तळाशी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळलेली. मग भोक बुजवतात, माती सारखी करतात, गवत पेरतात. पुढच्या उन्हाळ्यात तिथं काही खोदलं होतं याची खूणही दिसत नाही.

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘ऊब’ असं ठरलं, आणि घर ऊबदार ठेवण्याच्या या पद्धतीकडे नीट पाहावं असं वाटलं, याचं कारण तिच्यात दडलेला एक हिशेबाचा प्रश्न. जमिनीतली उष्णता वापरणारा हीट पंप हे आज घर तापवण्याच्या सर्वांत काटकसरी साधनांपैकी एक आहे, हे अमेरिकेपासून स्वीडनपर्यंत दशकानुदशकं सिद्ध झालेलं आहे. तरीही अमेरिकेत तो मोजक्याच घरांत दिसतो. लोक यंत्राला दोष देतात, कारागिरांच्या तुटवड्याला देतात, सरकारी उदासीनतेला देतात. माझ्या मते मूळ चूक वेगळीच आहे. घरमालकाला यंत्राबरोबर जो बोअर विकत घ्यावा लागतो, तो मुळात यंत्राचा भागच नाही. तो रस्ता, जलवाहिनी, सांडपाण्याची गटारं यांच्या जातीचं बांधकाम आहे, आणि तो एका कुटुंबाच्या खात्यावर टाकल्यामुळेच सगळं अडून बसलं आहे. हे का म्हणायचं, ते समजायला आधी त्या भोकात नेमकं काय होतं ते पाहायला हवं.

जमिनीतले दहा अंश

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. वज्रेश्वरी, गणेशपुरी किंवा कोकणातलं उन्हवरे इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांशी, अथवा लडाखच्या पुगा खोऱ्यात जमिनीतून उसळणाऱ्या वाफेशी या प्रकाराचा संबंध नाही. तिथं खोलवरची उष्णता भेगांमधून वर येते. बॉस्टनच्या अंगणातला बोअर अगदी साध्या, थंड खडकात मारलेला असतो. हवेत जानेवारीच्या रात्री पारा उणे पंधरापर्यंत उतरतो, जुलैत तिशी ओलांडतो. पण पृष्ठभागापासून दहा-पंधरा मीटर खाली या चढउताराची चाहूलही लागत नाही. तिथल्या खडकाचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ ठरलेलं असतं, आणि बॉस्टनच्या परिसरात ते दहा-अकरा अंश सेल्सियसच्या आसपास आहे.

दहा अंशांच्या खडकानं वीस अंशांचं घर कसं तापवायचं? घरातला फ्रीज जे करतो तेच इथं होतं. फ्रीज आतल्या गार वस्तूंमधली उष्णता ओढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप खडकातली उष्णता ओढून घरात सोडतो. नळीतून फिरणारं पाणी, त्यात थंडीत गोठू नये म्हणून मिसळलेलं द्रव्य, खडकातून थोडी उष्णता घेऊन वर येतं. यंत्रातला वायू ती शोषतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो, आणि ती उष्णता घरातल्या हवेला किंवा पाण्याला दिली जाते. विजेचं एक युनिट खर्च केलं की घरात साधारण साडेतीन युनिट उष्णता येते. वरची अडीच खडकाकडून मिळालेली असतात. उन्हाळ्यात झडप उलटी फिरवली की घरातली उष्णता खडकात जाते, आणि त्यातली काही पुढच्या हिवाळ्यात परत उपयोगी पडते.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियातल्या मिठागरात पीटर फॉन रिटिंगर यांनी 1850च्या दशकातच उष्णता वर चढवणारा पंप चालवून दाखवला होता. जमिनीतली उष्णता त्यासाठी वापरण्याचं पेटंट स्विस अभियंते हाइनरिश झोली यांनी 1912 मध्ये घेतलं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात 1948 मध्ये बांधलेली कॉमनवेल्थ बिल्डिंग भूजलाच्या आधारानंच गरम आणि गार केली जात असे. म्हणजे तंत्र जुनं आणि तावूनसुलाखून निघालेलं आहे. अडचण दुसरीकडे आहे.

भोकात काय काय उतरतं

न्यू इंग्लंडच्या भूमीवर हिमयुगानं दगडगोट्यांचा आणि चिकणमातीचा गोधडीसारखा थर आणून टाकला आहे. कुठं तो दहा फूट जाड, कुठं शंभर. त्याच्या खाली ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट असा कठीण खडक. वरचा थर ढासळतो, म्हणून तिथं लोखंडी केसिंग ठोकत न्यावं लागतं, आणि बोअरवाल्यांच्या खर्चाचा पहिला झटका इथंच बसतो. केसिंग किती फूट लागणार हे आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून करारात बहुतेक वेळा केसिंगचा दर फुटावर लावलेला असतो. खडक लागला की काम सरळ होतं. साधारण साडेतीन किलोवॉटच्या क्षमतेमागे, म्हणजे तिकडच्या भाषेत एका ‘टना’मागे, दीडशे ते दोनशे फूट बोअर धरतात. चार टनांचं घर असेल तर सहाशे ते आठशे फूट. तो एकच खोल घ्यायचा की अंतर ठेवून दोन घ्यायचे, हे अंगणाच्या आकारावर ठरतं.

मग नळीची जोडी उतरवतात, आतून पाण्यानं भरलेली, नाहीतर बोअरमधलं भूजल तिला वर ढकलत राहतं. तिच्याबरोबर आणखी एक नळी तळापर्यंत जाते. तिच्यातून बेंटोनाइट मातीचा घट्ट लगदा खालून वर भरत आणतात आणि नळी हळूहळू ओढून घेतात. वरून ओतला तर मध्ये हवेचे खिसे राहतात, आणि अशा प्रत्येक खिशात नळी खडकापासून तुटते. या भरावाचं दुसरं काम त्याहून महत्त्वाचं: वरचं घाण पाणी भोकाच्या कडेनं खालच्या भूजलात उतरू न देणं. साधा बेंटोनाइट उष्णता फारशी वाहून नेत नाही, म्हणून त्यात सिलिका वाळू किंवा ग्रॅफाइट मिसळतात, तेव्हा त्याची वाहकता दुपटीहून वाढू शकते. त्या मिश्रणाचा दर जास्त असतो, ते दाट असल्यामुळे पंपाला जड जातं, आणि भरल्यानंतर कुणालाही दिसत नाही. या धंद्यातला प्रामाणिकपणा याच जागी कसाला लागतो.

नळ्यांचे सांधे पाहण्यासारखे असतात. जमिनीखाली आटे पाडलेला किंवा क्लिपनं आवळलेला जोड चालत नाही. दोन नळ्यांची तोंडं रंधून सपाट करतात, मध्ये तापलेली सपाट पट्टी धरतात, प्लॅस्टिक मऊ होऊन कडेला वळी धरू लागलं की पट्टी झटकन काढून दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबून धरतात. वळी सगळीकडून सारखी, दुहेरी, गोलाकार आली तर सांधा नळीपेक्षा मजबूत. एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाड आली तर तो कापून पुन्हा करायचा. थंडीत किती सेकंद तापवायचं, वाऱ्यात आडोसा कसा धरायचा, हे हाताला कळावं लागतं. त्यानंतर सगळी जोडणी दाबाखाली तपासतात, चार-पाच फूट खोल चरातून नळ्या तळघराच्या भिंतीपर्यंत आणतात, आणि शेवटी एक जोरदार पंप लावून आत अडकलेली हवा धुऊन काढतात. पाण्याचा वेग सेकंदाला किमान दोन फूट नसेल तर हवेचे बुडबुडे वळणात अडून बसतात. मग पहिल्याच हिवाळ्यात यंत्र कुरकुरतं आणि दोष यंत्राला दिला जातो.

आधी घर मोजायचं

तेलाची भट्टी गरजेपेक्षा मोठी बसवली तर फारसं बिघडत नाही, म्हणून पिढ्यानपिढ्या तिकडच्या मिस्त्रींना ती दुप्पट मोठी बसवायची सवय लागली. इथं ती सवय महागात जाते. प्रत्येक वाढीव टनामागे दीडशे-दोनशे फूट खडक फोडायचा असतो. म्हणून खोलीगणिक, खिडकीगणिक, भिंतीच्या जाडीगणिक उष्णतेची गरज मोजावी लागते. दारात पंखा बसवून घरातली हवा ओढून फटी कुठं आहेत ते शोधावं लागतं. पोटमाळ्यावर इन्सुलेशन घालून आधी गरज कमी करावी लागते. दोन खोल्यांच्या फटी बुजवल्या आणि पाऊण टन वाचला, तर तो शंभरएक फूट बोअर वाचवण्याइतकाच खर्च वाचवतो. जुन्या घरांत आणखी एक पेच येतो. भट्टी पन्नास-साठ अंशांची हवा फेकते, हीट पंप पस्तीस-चाळीस अंशांची. तेवढीच ऊब द्यायला जास्त हवा हळू फिरवावी लागते, आणि भिंतीतले पत्र्याचे हवेचे मार्ग अरुंद असतील तर ते फोडून रुंद करावे लागतात. बिडाचे रेडिएटर असतील तर ते सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी मागतात आणि पंप त्याहून बरंच थंड पाणी देतो. अंगणातल्या खडकाइतकंच घराच्या भिंतींनीही साथ द्यावी लागते.

उलट बोअर लहान पडला तर नुकसान हळूहळू उघडं होतं. दर हिवाळ्यात खडकातून जितकी उष्णता काढली जाते तितकी उन्हाळ्यात आणि आजूबाजूच्या जमिनीतून परत येत नाही. मग खडक वर्षागणिक थोडा थोडा गार होत जातो, यंत्र जास्त वीज खातं, आणि आठव्या-दहाव्या वर्षी बिल पाहून मालक चक्रावतो. तेव्हा गवत वाढलेलं असतं, बोअरची गाडी पुन्हा आणायला वाट नसते. यंत्र बदलता येतं, बोअर बदलता येत नाही. दिसत नाही, दुरुस्त होत नाही, पण दोन-तीन पिढ्या पुरतो. घरगुती वस्तूचे हे गुण नव्हेत.

पन्नास वर्षांचं काम, एका घराचं कर्ज

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार घरातलं यंत्र वीस-चोवीस वर्षं टिकतं, जमिनीतली नळी पन्नास वर्षांहून अधिक. एका घराचा सगळा खर्च तीस ते साठ हजार डॉलर आणि महाग शहरात त्याहून वर जातो, आणि त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा भाग जमिनीतल्या कामाचा असतो. अमेरिकन कुटुंब एका घरात पन्नास वर्षं क्वचितच राहतं. म्हणजे आज पैसे भरणाऱ्यानं आपल्यानंतरच्या तीन-चार मालकांसाठीही बोअर मारून द्यायचा, आणि घर विकताना त्याची किंमत मिळेलच असं नाही.

हिशेब साधा आहे. एका गॅलन तेलात चाळीस युनिटांच्या आसपास उष्णता असते. चांगल्या बॉयलरमधून त्यातली चौतीस घराला मिळतात. तेवढीच ऊब द्यायला हीट पंपाला दहाच्या आत विजेची युनिटं लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये वीज महाग आहे, युनिटला तीस सेंटच्या आसपास. म्हणजे तीन डॉलर. तेलाचा गॅलन तीन डॉलरच्या वर गेला की हीट पंप स्वस्त पडू लागतो. तेल जाळणाऱ्या घराला वर्षाला बचत होते, पण तिच्यातून बोअरचे पैसे फिटायला दोन दशकं लागू शकतात. गॅस जाळणाऱ्या घराला तर बचत जेमतेमच. बॉस्टनभोवती स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढेही घर घेताना हाच प्रश्न येतो, आणि शहाणा माणूस गणित करून बोअरला नकार देतो तेव्हा त्याला दोष देता येत नाही. त्याच्या जागी तो बरोबर आहे. रस्ता प्रत्येकानं आपापल्या दारापुढे स्वतःच्या पैशानं करायचा असता, तर आजही निम्म्या जगात चिखलच असता.

अमेरिकेत ही फट बुजवायला करसवलत दिली जात होती, खर्चाच्या तीस टक्के. 2025 मध्ये केलेल्या कायद्यानं घरमालकांसाठीची ती सवलत त्या वर्षाच्या 31 डिसेंबरनंतर बंद झाली. सवलतीवर उभा असलेला धंदा सवलतीबरोबर डगमगतो, हे तिथल्या बोअरवाल्यांनी आधीही अनुभवलं आहे. 2016 च्या शेवटी सवलत संपली होती, 2018 मध्ये ती परत आणली गेली, आणि मधल्या काळात अनेकांना पुन्हा पाण्याच्या विहिरींकडे वळावं लागलं.

स्वीडननं हे कसं केलं

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप स्वीडनच्या नावानं येतो. तिथं लाखो कुटुंबांनी आपापल्या अंगणात, आपापल्या खर्चानं बोअर मारले. कुठल्या सार्वजनिक यंत्रणेनं ते केलं नाही. मग अमेरिकेतल्या माणसालाच सार्वजनिक आधार का लागावा?

स्वीडनकडे नीट पाहिलं तर उत्तर सापडतं. तिथं बऱ्याच भागात कठीण खडक जवळजवळ पृष्ठभागावरच आहे. केसिंग थोडंच लागतं. शिवाय बोअर तळापासून भरावा लागत नाही, तो नैसर्गिक भूजलानंच भरलेला राहू देतात, आणि नळीभोवतीचं पाणी उष्णता वाहून नेतं. त्यामुळे एका बोअरचा खर्च अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी येतो. 1973 च्या तेलसंकटानं तेलावर अवलंबून असलेल्या त्या देशाला हादरवलं, 1991 मध्ये कार्बनवर कर बसला, आणि जलविद्युत व अणुवीज मुबलक होती. तेल महाग, वीज स्वस्त, हिवाळा लांब, आणि बोअर मारणारे कुशल कामगार भरपूर. बोअरचे हातोडे आणि यंत्रं जगाला पुरवणारा उद्योगही तिथलाच. त्यातल्या एपिरॉक कंपनीचा कारखाना आपल्या नाशकात आहे.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की स्वीडननंही हे काम पूर्णपणे खासगी ठेवलं नाही. 1975 च्या कायद्यानं तिथल्या प्रत्येक बोअरवाल्यावर आपण कुठं, किती खोल, कोणत्या खडकात भोक पाडलं याची नोंद भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडे देण्याची सक्ती केली. त्यामुळे कुठल्या गल्लीत किती फुटांवर खडक लागेल हे आज सार्वजनिक माहितीवरून सांगता येतं. बोअर मारण्याआधी पालिकेला कळवावं लागतं, आणि दोन बोअरमध्ये किमान वीस मीटर अंतर ठेवण्याची शिफारस आहे. खडकातली उष्णता प्लॉटच्या हद्दीवर थांबत नाही. शेजाऱ्यानं खेचली की आपल्या खालचा खडकही गार होतो. स्वीडनच्या दाट वस्त्यांमध्ये आज हाच प्रश्न उभा आहे: ज्यानं आधी बोअर मारला त्यानं उष्णता घेतली, मागून आलेल्यानं आणखी खोल जायचं. भूजलाच्या बाबतीत आपण महाराष्ट्रात नेमकं हेच भोगलं आहे.

सार्वजनिक देखरेख का हवी, हे जर्मनीतल्या श्टाउफेन या छोट्या गावानं जगाला दाखवलं. 2007 मध्ये तिथल्या जुन्या नगरभवनासाठी 140 मीटर खोल सात बोअर मारले. ते अॅनहायड्राइटच्या थरातून जाऊन खालच्या भूजल असलेल्या थरात शिरले. भरावातल्या उणिवांमुळे दोन थरांमधला अडसर गेला, पाणी अॅनहायड्राइटपर्यंत पोहोचलं, आणि त्याचं जिप्सममध्ये रूपांतर होऊ लागलं. तसं होताना तो थर फुगतो. गावाचा मध्यभाग सुरुवातीला महिन्याला सेंटीमीटरच्या आसपास वर उचलला जाऊ लागला, आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. पाणी उपसून तो वेग नंतर कमी केला, पण भेगा राहिल्या. असा खडक खाली आहे की नाही हे एकट्या घरमालकाला कळण्याचा मार्ग नसतो. ते काम भूगर्भशास्त्राच्या सार्वजनिक खात्याचं आहे.

फ्रेमिंगहॅमचा रस्ता

बॉस्टनपासून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवरच्या फ्रेमिंगहॅम शहरात 2024 च्या उन्हाळ्यात एक वेगळा प्रयोग सुरू झाला. तिथल्या गॅस आणि वीज पुरवणाऱ्या एव्हरसोर्स कंपनीनं काही मोकळ्या जागांत सहाशे-सातशे फूट खोल बोअर मारले आणि त्यांच्या नळ्या रस्त्याखालच्या एका सामाईक वाहिनीला जोडल्या. ही वाहिनी गल्लीत फिरते आणि 36 इमारतींना जोडलेली आहे: साधी घरं, दुकानं, अग्निशमन केंद्र, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या गृहसंस्थेच्या इमारती. शंभराहून अधिक ग्राहक. प्रत्येक घरात आपला हीट पंप, पण बोअर सर्वांचे. गॅस कंपनीनं चालवलेली अशी व्यवस्था अमेरिकेत पहिलीच.

कल्पना कंपनीची नव्हती. हीट नावाच्या तिथल्या स्वयंसेवी संस्थेनं आधी मॅसॅच्युसेट्सच्या रस्त्यांखालून गळणाऱ्या जुन्या गॅसवाहिन्यांचे नकाशे लोकांपुढे मांडले. मग सवाल केला: या जुन्या नळ्या बदलायला कोट्यवधी डॉलर लागणारच आहेत, तर त्याच पैशात गॅसऐवजी पाण्याची वाहिनी का टाकू नये? कंपनीकडे रस्ते खोदण्याचा हक्क आहे. पन्नास वर्षांत वसूल होणारा खर्च ती दरमहाच्या बिलातून गोळा करू शकते. आणि तिचे कामगार प्लॅस्टिकच्या गॅसनळ्या गेली कित्येक दशकं त्याच पद्धतीनं तापवून सांधत आले आहेत. ज्या हातांना वळी ओळखता येते त्यांचं काम जात नाही. हे ऐकलं की सगळं आपोआप जुळल्यासारखं वाटतं, पण ते घडवून आणायला नियामकांपुढे वर्षानुवर्षं बाजू मांडावी लागली.

सामाईक वाहिनीचा आणखी एक फायदा एकट्या बोअरला कधीच मिळत नाही. किराणा दुकानाचे फ्रीज हिवाळ्यातही उष्णता बाहेर टाकत असतात. त्याच वेळी शेजारच्या घराला ती हवी असते. एका वाहिनीवर असल्यावर दुकानाची टाकाऊ उष्णता घराला मिळते आणि खडकावर भार कमी पडतो. कोलोरॅडोतल्या मेसा विद्यापीठात 2008 पासून असं जाळं वाढत आलं आहे, आणि निरनिराळ्या वेळी निरनिराळी गरज असलेल्या इमारती जोडल्या की बोअरची संख्या कमी लागते हे तिथं दिसून आलं आहे.

महाग आहे, हे खरं

आक्षेप उघड आहेत. पहिल्या प्रयोगाला खर्च भरपूर झाला, आणि तो सगळ्या ग्राहकांच्या बिलात वाटला गेला. मॅसॅच्युसेट्समधल्याच लोवेल शहरात नॅशनल ग्रिड कंपनीनं आखलेला असा प्रकल्प खर्च वाढल्यामुळे सोडून द्यावा लागला. गॅस कंपन्या आपला धंदा वाचवायला हा मार्ग धरत आहेत, अशी शंका पर्यावरणवाद्यांमध्येही आहे, आणि ती निराधार नाही. म्हणून अशा जाळ्याची मालकी कंपनीची असो वा पालिकेची, दर ठरवणाऱ्या नियामकानं बोअरचा खर्च पन्नास वर्षांवर पसरवला पाहिजे, आणि जुन्या गॅसवाहिनीवर दुहेरी खर्च होऊ देता कामा नये. पहिला प्रयोग महाग पडला म्हणून पद्धत टाकून द्यायची, तर कुठल्याही शहरात भुयारी गटार झाली नसती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हवेतून उष्णता घेणारे हीट पंप गेल्या दहा-पंधरा वर्षांत एवढे सुधारले आहेत की उणे पंधरा अंशांतही घर तापवू शकतात, आणि त्यांना बोअर लागत नाही. मग खडक कशाला फोडायचा? एका घरापुरतं पाहिलं तर मीही हवेचाच पंप सुचवीन. पण सगळं शहर त्या दिशेनं गेलं तर जानेवारीतल्या सर्वांत थंड पहाटे लाखो पंप नेमके त्या वेळी सर्वांत जास्त वीज मागतील, जेव्हा बाहेरच्या हवेत उष्णता सर्वांत कमी असते. बोअरच्या तळाशी त्या पहाटेही तेच दहा अंश असतात. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं 2023 मध्ये मांडलेल्या अभ्यासात देशातल्या सुमारे 70 टक्के इमारतींत, इन्सुलेशनच्या सुधारणांसह, जमिनीचे हीट पंप बसवले तर काय होईल याचा हिशेब केला. कार्बनमुक्त विजेच्या दिशेनं जाताना जे नवे वीजमार्ग उभारावे लागतील त्यातले 24,500 मैलांचे टळतात आणि विजेची मागणी 13 टक्क्यांपर्यंत कमी होते, असं त्यात निघालं. हा फायदा घरमालकाच्या बिलात दिसत नाही. तो सगळ्या राज्याला मिळतो. म्हणूनच त्याचा खर्चही एकट्यानं उचलणं न्याय्य नाही.

दख्खनच्या खडकात

पुण्यामुंबईत ए.सी.ऐवजी हे बसवता येईल का, हा प्रश्न विचारला जातो, आणि विकणारे हो म्हणतात. तिथं सावध राहावं. आपल्याकडे वर्षाची सरासरीच पंचवीस ते अठ्ठावीस अंश, म्हणून खडकही तेवढाच तापलेला. दख्खनचा बेसॉल्ट उष्णता वाहून नेण्यात ग्रॅनाइटच्या जवळजवळ निम्माच. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे आपल्याला वर्षभर गारवाच हवा. दर उन्हाळ्यात खडकात उष्णता ओतायची, पण ती परत काढणारा हिवाळा नाही, म्हणून खडक तापत जातो आणि यंत्राची काटकसर संपते. भारतात या तंत्राची खरी जागा काश्मीर, हिमाचल आणि लडाख इथं आहे. लांब हिवाळा, लाकूड आणि कोळसा जाळून भरलेल्या खोल्या, आणि खाली खडक. तिथं शाळा, रुग्णालय, वसतिगृह अशा इमारतींसाठी सरकारनं बोअर मारून दिले तर घरांना त्यांच्या वाहिनीला जोडता येईल.

महाराष्ट्रात मात्र या विचाराचा निम्मा भाग लगेच उपयोगी आहे, आणि त्याला बोअरचीही गरज नाही. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर इथल्या दूध संघांच्या शीतकरण केंद्रांत रोज दूध चार अंशांपर्यंत गार करावं लागतं. त्यातून निघालेली उष्णता हवेत सोडली जाते. त्याच आवारात टाक्या, कॅन आणि टँकर धुवायला रोज गरम पाणी लागतं, आणि ते तापवायला बॉयलर पेटवला जातो. दोन्ही कामं एका पंपाला आणि एका सामाईक वाहिनीला जोडता येतात: दुधातून काढलेली उष्णता थेट धुण्याच्या पाण्यात. काही ठिकाणी दुधाच्या चिलरला उष्णता परत मिळवणारा भाग जोडून ते केलंही जातं. बाकीच्यांनी ते का केलं नाही याची कारणं बॉस्टनच्या अंगणापेक्षा फार वेगळी नाहीत: पैसे एकाच संस्थेनं आज भरायचे, आणि बॉयलरचं इंधन दुसऱ्या खात्याच्या बजेटमधून जळत राहतं.